मान झुकवणारा मॉनिटर

लहरगुरुजींना आमच्या कचेरीतून काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवतो. म्हणजे पुढचं वाचताना हिशेब डोक्यात राहील. पैसे त्यांनी मागितले नाहीत. "मी कुणाकडून काही घेत नसतो," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले आणि ते खरंही होतं. यंत्रांना लावायच्या तांब्याच्या चकत्या विकायला त्यांचा मेव्हणा यायचा. गुरुजींना हवं होतं ते दार. आमच्या इमारतीत पाच मजले, अकरा कचेऱ्या आणि प्रत्येक कचेरीत दहा-वीस संगणक. एका दारातून मानानं आत गेलेला माणूस उरलेल्या दहा दारांतून आपोआप आत जातो. शिवाय आपण दारात पाऊल टाकताच भरल्या खोलीतली माणसं उठून उभी राहतात, हे सुख निराळंच.

त्या सकाळी भरल्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खालच्या मजल्यावरचे विम्याचे लोक, समोरच्या दंतवैद्याची नर्स, हिशेबनीसांकडची चार पोरं, सगळे भिंतीला पाठ लावून उभे होते. मधल्या टेबलावर आमचा मोठा मॉनिटर, त्यावर एका बंगल्याचा आराखडा. लहरगुरुजी दारात आले. पांढरा सदरा, पांढरी विजार, हातात काटा असलेली काळी डबी. आम्ही कचेरीतले सगळे रिवाजाप्रमाणे उठून उभे राहिलो, आणि मॉनिटर काळा झाला.

दोन सेकंद. मग बंगला परत दिसू लागला.

"बघितलंत?" गुरुजी हळूच म्हणाले. "मान झुकवली त्यानं."

"पुन्हा दाखवा ना, गुरुजी!" विम्याच्या कचेरीतला कुणीतरी ओरडला.

गुरुजी बाहेर गेले. आम्ही बसलो. गुरुजी आत आले. आम्ही उठलो. मॉनिटर पुन्हा काळा. दंतवैद्याच्या नर्सनं तोंडावर हात ठेवला. तिसऱ्या खेपेला हिशेबनीसांच्या पोरांनी टाळ्याच वाजवल्या.

"टाळ्या नकोत," गुरुजी म्हणाले. "यंत्राला जीव नसतो, पण लहर असते. पडदा म्हणजे यंत्राचा डोळा. थोर लहर समोर आली की डोळा मिटतो. विज्ञानच आहे हे, पण शाळेत शिकवत नाहीत."

शाळेत का शिकवत नाहीत, हे विचारावंसं मला वाटलं होतं. विचारलं नाही. ते माझ्या खात्यावर लिहून ठेवा.

मी या कचेरीचा नोंदणी कारकून. घरांचे आराखडे काढणारी आमची कचेरी. कोणता आराखडा कधी आला, कुणी काढला, कधी गेला, हे लिहिणं माझं काम. सगळे मला वहीकाका म्हणतात. कचेरी साहेबांची. कारभार त्यांच्या बायकोचा, तिला आम्ही वहिनी म्हणतो. आराखडे काढणारी माणसं सहा, त्यांत सगळ्यांत सरस रेघाताई. तिचं खरं नाव कागदोपत्री आहे, पण तिच्यासारखी रेघ कुणाची येत नाही, म्हणून रेघाताई. आणि कुणी पाहुणा दारात आला की सगळ्यांनी उठून उभं राहायचं, हा साहेबांच्या वडिलांनी घालून दिलेला रिवाज. तो आम्ही आजतागायत पाळतो. चहावाल्यालासुद्धा सोडत नाही.

रेघाताई बाळंतपणाची रजा संपवून परतली तेव्हा बाळ चार महिन्यांचं होतं. तिची कंबर दुखायची. साहेब तसे मनानं मोठे. त्यांनी तिच्यासाठी नवी खुर्ची आणली. चाकांची, दांडा दाबला की वर-खाली होणारी, बसलं की "फुस्स" करणारी. बाकी आम्ही सगळे त्यांच्या वडिलांच्या काळातल्या लाकडी खुर्च्यांवर. त्याच आठवड्यात मोठा मॉनिटरही आला. तो पाहुण्यांना दिसावा म्हणून खोलीच्या मध्ये ठेवला. रेघाताईच्या लॅपटॉपपासून तिथपर्यंत केबल पुरेना, तेव्हा वहिनींनी दुसरी आणली: लांबलचक, सुतळीसारखी बारीक. ती टेबलाखालून, खुर्चीच्या पायांना घसटून नेली.

आणि मॉनिटर जायला लागला. काम चालू असताना मध्येच काळा. दोन सेकंदांनी परत. आम्हाला जे येत होतं ते सगळं केलं. केबल काढून पुन्हा लावली, दोन्ही टोकं दाबून बघितली. मॉनिटरचं बटण दाबून सिग्नल कुठून येतो ते बदलून पाहिलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. एकानं स्क्रीनचं रिझोल्यूशन कमी केलं, तर बंगला बटाट्यासारखा दिसायला लागला, पण मॉनिटर जायचा तो जातच राहिला. शेवटी संगणक दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं स्टूल ओढलं, रेघाताईला बाजूला उभं केलं आणि तासभर सेटिंग केलं. त्या तासात मॉनिटर एकदाही गेला नाही.

"मशीन ठणठणीत आहे," तो बॅग आवरत म्हणाला. मग हसून रेघाताईला म्हणाला, "ताई, तुम्हीच जरा लांब राहा त्याच्यापासून. तुम्ही नसताना बरा वागतो."

चेष्टा होती. सगळे हसले, रेघाताईसुद्धा. पण चेष्टा खोलीतून बाहेर गेली नाही. तिथेच बसून राहिली.

नंतरच्या आठवड्यात एक मोठं गिऱ्हाईक आलं. सोळा घरांचं काम होतं. रेघाताई समजावून सांगायला उठली, मॉनिटर काळा. ती घाबरून खाली बसली, परत उठली, परत काळा. गिऱ्हाईक म्हणालं, "आधी तुमचं दुरुस्त करून घ्या, मग बोलू," आणि नंतर बोललंच नाही. त्या संध्याकाळी वहिनींनी मला सांगितलं, "वहीकाका, आजपासून नोंद ठेवा. कधी जातो, त्या वेळी कोण काय करत होतं, सगळं."

नोंद ठेवणं मला येतं. मी पान आखलं: तारीख, वेळ, कोण आलं, कोण उठलं, कोण गेलं. दहा दिवसांत एकतीस वेळा मॉनिटर गेला. एकतीसपैकी सव्वीस वेळा रेघाताई नुकतीच उठलेली किंवा बसलेली. ते मी लाल शाईनं लिहिलं, कारण मला व्यवस्थित लिहायची हौस आहे.

लहरगुरुजींना वहिनींनी आणलं, आणि पहिल्याच पावलाला मॉनिटरनं मान झुकवली. तिसऱ्यांदा झुकल्यावर वहिनींनी माझी वही त्यांच्यापुढे ठेवली. गुरुजींनी पान उलटलं, लाल शाई पाहिली आणि डबी रेघाताईकडे वळवली. डबीतला काटा हलला. डबी तिरकी केली की तो हलायचाच. मी नंतर हातात घेऊन पाहिलं.

"मुली, बाळंतपण कधी झालं?"

"पाच महिने झाले, गुरुजी."

"तेव्हापासून तुझ्या लहरी तुटक्या आहेत. माझ्यासमोर यंत्र आदरानं डोळा मिटतं. तुझ्यासमोर भीतीनं मिटतं. तुझा दोष नाही गं. पण तू इथं बसायचं नाहीस."

खोली भरलेली होती, हे मी सांगितलंच आहे. रेघाताईनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं.

तिची रवानगी मागच्या खोलीत झाली. तिथं जुन्या आराखड्यांच्या गुंडाळ्या आहेत आणि एक जुना संगणक. जुने आराखडे त्यात उतरवायचं काम तिला दिलं. "खुर्चीही घेऊन जा," वहिनी म्हणाल्या. "तुझ्या लहरी लागलेल्या. इथं कोण बसणार त्यात?" शिपायानं खुर्ची ढकलत नेली. आणि मोठा मॉनिटर खरोखर शहाण्यासारखा वागू लागला. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. एकदाही गेला नाही.

यापेक्षा आणखी काय पुरावा हवा? अकरा कचेऱ्यांनी गुरुजींना डोक्यावर घेतलं. मेव्हणा पिशवी भरून चकत्या घेऊन आला. मॉनिटरच्या पाठीवर चकती, लॅपटॉपच्या पोटाखाली चकती, दंतवैद्याच्या खुर्चीच्या डोक्याशीसुद्धा चकती. एकच अडचण झाली. गुरुजी पुन्हा आमच्याकडे आले, आम्ही उठलो, आणि मॉनिटरनं मान झुकवली नाही. बंगला आपला टक लावून त्यांच्याकडे बघत राहिला.

गुरुजी अडखळले नाहीत. "आता तो शांत झालाय," ते म्हणाले. "शांत शिष्याला पुन्हा पुन्हा वाकावं लागत नाही."

झुकला तरी चमत्कार, नाही झुकला तरी चमत्कार. असा धंदा मी नोंदणी कारकून झालो तेव्हा कुणी सुचवला असता तर!

इतकं मी हसत लिहू शकतो. पुढचं नाही.

मागच्या खोलीतल्या जुन्या संगणकाचा मॉनिटरही जायला लागला. रेघाताई उठली की काळा. आता तिची स्वतःचीच खात्री पटली. एका दुपारी सही घ्यायला मी मागे गेलो, तर ती फायलींच्या शिडीवर बसलेली, खुर्ची रिकामी.

"खुर्चीवर बस की. कंबर दुखेल."

"नको, काका. जितकं लांब तितकं बरं." मग म्हणाली, "मी गुरुजींना विचारलं. म्हटलं, यंत्र मिटतं, मग बाळाचं काय? ते म्हणाले, बाळाची टाळू कोवळी असते, लहरी तिथूनच आत शिरतात. चाळीस दिवस बाळाला जवळ घ्यायचं नाही."

"जवळ घ्यायचं नाही म्हणजे?"

"म्हणजे नाहीच, काका. सासूबाई बघतात. मुलगी शेजारच्या खोलीत असते. रडली की मी कानांवर उशी धरते."

"अगं, पण ती तर अंगावर पिते ना?"

"आता बाटली," रेघाताई म्हणाली, आणि गुंडाळी उलगडून आराखड्यावरची धूळ झटकायला लागली. "आज सतरावा दिवस."

मी सही घेतली आणि बाहेर आलो. त्या रात्री मला माझी लाल शाई दिसत होती. तरीही दुसऱ्या दिवशी मी काही बोललो नाही. काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. सव्वीस वेळा मी स्वतःच लिहिलं होतं ना.

तेविसाव्या दिवशी बाई आल्या. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, मोठ्यानं बोलणाऱ्या. त्यांच्या जुन्या घराचा आराखडा हवा होता, म्हणून मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. रेघाताई शिडीवर चढून गुंडाळी शोधत होती. बाई धापा टाकत होत्या. समोर रिकामी खुर्ची दिसली, बसल्या. गुंडाळी सापडली म्हणताच त्या उठल्या.

मॉनिटर काळा झाला.

"माफ करा," रेघाताई शिडीवरूनच म्हणाली. "माझ्यामुळे होतं ते. मी बाहेर जाते."

"तुझ्यामुळे? तू तर छताला टेकली आहेस. उठले मी." बाईंनी खुर्चीकडे पाहिलं, मग मॉनिटरकडे. परत बसल्या. परत उठल्या. काळा. "अगं बाई!" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम शाळेतला झाला. "कारकून, तुमच्याकडे वही आहे का?"

मी सगळी हकिकत सांगितली. गुरुजी, लाल शाई, खुर्ची, बाळ. बाळाचं ऐकल्यावर बाईंनी खुर्ची माझ्यापुढे ओढली. मग म्हणाल्या, "बसा. आखा पान. आणि या खेपेला एक रकाना जास्त."

"कुठला?"

"कशावर बसलं होतं तो."

मी खुर्चीवर बसून वीस वेळा उठलो. चौदा वेळा मॉनिटर गेला. मग लाकडी स्टुलावरून वीस वेळा उठलो. एकदाही नाही. मग रेघाताईला स्टुलावर बसवलं. ती बसेना. बाईंनी हाताला धरून बसवली.

"ऊठ."

ती डोळे मिटून उठली. मॉनिटर चालूच.

"डोळे उघड, पोरी. आणि परत."

वीस वेळा. वीसही वेळा मॉनिटर चालू. विसाव्या खेपेला रेघाताई स्टुलावरच बसून राहिली आणि तिनं तोंड पदरात लपवलं. बाईंनी तिला रडू दिलं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घरी रेडिओ आहे का जुना? खरखरणारा?"

दुसऱ्या दिवशी गुरुजी येणार होते, खालच्या मजल्यावरच्या चकत्या बदलायला. बाईंनी साहेबांना सांगून सगळ्या कचेऱ्यांतल्या लोकांना आणि गुरुजींनाही आमच्याकडे बोलावलं. मी खुर्ची ढकलत पुढच्या खोलीत आणली. रेघाताईला बाईंनी इमारतीच्या बाहेर, रस्त्यापलीकडे उभं केलं; खिडकीतून सगळ्यांना दिसेल असं.

गुरुजी आले. आम्ही उठलो. मॉनिटर ढिम्म.

"या, बसा," बाई म्हणाल्या, आणि फुस्स करणारी खुर्ची पुढे केली.

एवढा मान! गुरुजी बसले. बाईंनी रेडिओ लावला. स्टेशन नव्हतं, नुसती खरखर.

"आता जरा उभे राहता का?"

गुरुजी उठले. रेडिओ "टक्क" झाला. मॉनिटर काळा.

"मान झुकवली," दंतवैद्याची नर्स सवयीनं पुटपुटली.

"परत बसा. परत उठा." टक्क. काळा. "परत." टक्क. काळा.

"ती मुलगी इमारतीत आहे," गुरुजी म्हणाले.

"ती खिडकीतून दिसतेय बघा, रस्त्याच्या पलीकडे. तिच्या लहरींनी रस्ता ओलांडला? मग चकत्या रस्त्याला लावा!" लोक हसले. "आता या लाकडी खुर्चीवरून उठून दाखवा."

गुरुजी लाकडी खुर्चीवर बसले नाहीत. वहिनी बसल्या. दहा वेळा उठल्या. रेडिओ गप्प, मॉनिटर चालू. मग त्या स्वतः होऊन चाकांच्या खुर्चीवर बसल्या आणि उठल्या. टक्क. काळा. त्या तशाच उभ्या राहिल्या, हात खुर्चीच्या पाठीवर.

बाईंनी सगळ्यांना समजावलं, एखाद्या वर्गाला सांगावं तसं. कपडे त्या खुर्चीच्या कापडावर घासतात, त्यातून थोडी वीज साठते. कोरड्या हवेत जास्त. माणूस उठलं की दांडा उसळतो, लोखंड लोखंडाला लागतं, आणि बारीकशी ठिणगी पडते. डोळ्याला दिसत नाही, पण रेडिओ ती ऐकतो. शेजारून जाणारी लांब, बारीक, आवरण नसलेली केबल ती पकडते. मागच्या खोलीतल्या संगणकाची जुनी केबलही तसलीच. मॉनिटरला येणाऱ्या चित्रात त्या क्षणी गोंधळ होतो. काय आलं ते त्याला कळत नाही, म्हणून तो काळा होतो आणि पुन्हा जुळवून घेतो. त्याला लागतात दोन सेकंद. "थोर माणूस उठला तरी तेवढेच, चोर उठला तरी तेवढेच."

मग त्यांनी पिशवीतून एक आखूड, जाड केबल काढली, आवरणवाली. लॅपटॉप मॉनिटरजवळ आणला, केबल खुर्चीपासून लांब नेली. साहेब खुर्चीवर बसले आणि उठले. रेडिओ टक्क झाला. बंगला हलला नाही.

खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. इतर कचेऱ्यांतल्या लोकांनी आपापल्या मॉनिटरच्या पाठीवरून चकत्या कधी काढल्या, ते मी पाहिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात त्या होत्या. गुरुजी त्या गडबडीत खाली गेले. मेव्हणा आधीच गेला होता.

आता साधी गोष्ट सांगतो, आणि ती स्वतःलाही सांगतो. एखादी गोष्ट एका माणसाबरोबर आली, म्हणजे ती त्या माणसानं आणली, असं होत नाही. रेघाताईबरोबर एक खुर्ची आली होती, एक केबल आली होती आणि एक मॉनिटर आला होता. आम्ही त्यातलं फक्त माणूस बदलून पाहिलं, आणि तेही खुर्चीसकट. काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं जागच्या जागी ठेवा, आणि वीस वेळा मोजा. एवढं करायला बाईंना एक दुपार लागली. कुणी सांगत असेल की घडलं तरी मी खरा आणि नाही घडलं तरी मी खरा, तर त्याला विचारा: तुम्ही खोटे कधी ठराल? त्याला उत्तर नसेल तर त्याच्यासाठी उठून उभे राहू नका.

राहता राहिला जमाखर्च. लहरगुरुजींनी काही भरलं नाही. नदीपलीकडच्या एका इमारतीत ते आता फोनचे मनोरे शांत करतात, असं ऐकतो. साहेबांचं सोळा घरांचं काम गेलं आणि एक केबल लागली. वहिनींनी रेघाताईची माफी मागितली, भर खोलीत. त्यांना ते जड गेलं. मी जुनं पान फाडलं नाही. त्यावर आडवी रेघ मारून खाली सही केली, आणि तेवढ्यानं काही फिटत नाही.

रेघाताई स्टुलावरून वीस वेळा उठली, त्याच संध्याकाळी धावत घरी गेली होती. तेवीस दिवसांनी तिनं मुलीला उचललं. पण दूध आटलं होतं. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, सासूबाईंनी लागेल ते करून घातलं, दूध परत आलं नाही. ती मुलीला छातीशी धरते, तेव्हा मुलगी क्षणभर शोधते, मग मान वळवून बाटलीकडे हात करते. ती अजून सहा महिन्यांची आहे. भरलं तिनं.